मागच्या भिंतीकडचं आकाश

आमची इमारत शिवाजी पार्कच्या एका आडव्या गल्लीत आहे. चार मजली, जुनी, पुढून अजूनही बरी दिसणारी. मागून ती कशी दिसते हे मात्र आमच्यापैकी कोणालाच धड माहीत नव्हतं. मागे शेजारच्या प्लॉटच्या कुंपणापर्यंत एक अरुंद पट्टा आहे. त्यात सांडपाण्याची पाइपं, गटारांची झाकणं आणि उंच वाढलेला एक नारळ. मागच्या बाजूला सगळ्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं. तिकडच्या खिडक्या धुरकट काचेच्या, आणि बहुतेक कायम लावलेल्या.

त्या मागच्या भिंतीतून तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात दर पावसाळ्यात पाणी उतरायचं. रंग फुगायचा, ओट्यावरचं कपाट बुरशीने काळं पडायचं. गच्चीवर डांबर घालून झालं, मग आणखी काहीतरी महागडं घालून झालं, तरी पाणी यायचंच. मी तेव्हा नुकतीच सोसायटीची सेक्रेटरी झाले होते. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते आणि सभेत माझं नाव सुचवलं गेलं तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेले होते.

आमच्या इंजिनियरने सांगितलं, "मॅडम, ती भिंत जवळून बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. त्या गटारांवर परांची बांधायची म्हणजे अर्धं काम झाकणं फोडण्यातच जाईल. आधी ड्रोनने बघून घेऊ."

मला एकदम उत्साह आला. चार पंखे, त्यातले दोन एका दिशेने आणि दोन उलट दिशेने फिरतात, म्हणून तो स्वतःभोवती गिरकी घेत नाही, हे मी फळ्यावर कितीदा काढून दाखवलं होतं. प्रत्यक्षात मी ड्रोन पाहिला होता तो लग्नात आणि पार्कातल्या सभांवर घिरट्या घालताना, तोही दुरूनच.

सोसायटीच्या सभेत मी विषय मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चौथ्या मजल्यावरच्या मावशींनी तेवढा हात वर केला.

त्या आमच्या सगळ्यांच्याच मावशी. ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या, पाठ ताठ. नोकरीत असताना त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. बोलणं अजूनही स्वच्छ आणि तुटक.

"मागच्या बाजूला आमची न्हाणीघरं आहेत," त्या म्हणाल्या. "तिथे कॅमेरा फिरवणार?"

"मावशी, खिडक्या लावून घ्यायच्या त्या दिवशी."

"ते मला कळतं गं. कोण फिरवणार, त्याला काय काय दिसणार आणि ते पुढे कुठे जाणार, ते सांग."

ड्रोनवाल्यालाच बोलावते, तुम्ही विचारा, असं म्हणून मी सभा आटोपती घेतली.

आली ती ड्रोनवाली. तिशीतली, लालबागला राहणारी, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली आणि ड्रोन चालवण्याचं रीतसर प्रमाणपत्र घेतलेली. पूल, टॉवर, पाण्याच्या टाक्या अशी तपासणीची कामं करायची. मी ड्रोनची पेटी बघायला दारात उभी, तर तिच्या खांद्याला नुसती एक पिशवी.

"ड्रोन कुठंय?" मी विचारलं.

"आज नाही आणला मॅडम. आज फक्त बघायला आले."

ती गच्चीवर गेली, मागच्या कठड्यावरून वाकून वायरी कुठून कुठे जातात ते पाहिलं, नारळाकडे पाहिलं, फोनवर काहीतरी टिपलं. मग आमच्याकडे चहाला बसली आणि फोनवर मुंबईचा एक नकाशा उघडला. शहरावर लाल आणि पिवळे रंग सांडल्यासारखे पसरलेले.

"हा आकाशाचा नकाशा. सरकारी आहे. लाल म्हणजे बंद. विमानतळाच्या आसपास, नौदलाच्या बाजूला वगैरे. पिवळं म्हणजे विमानांचं नियंत्रण करणाऱ्यांना विचारून उडवायचं. हिरवं असेल तिथे एका उंचीपर्यंत मोकळं."

मी नकाशा मोठा करत आमची गल्ली शोधली. ती पिवळ्यात होती. लग्न होऊन आल्यापासून मी त्या आकाशाखाली कपडे वाळत घालत होते. त्याला रंग आहे हे मला माहीत नव्हतं.

"म्हणजे आमच्या गच्चीच्या वर आमचं किती?"

तिने जरा विचार केला. "गच्ची तुमची. त्याच्यावर एक वीत गेलं की विचारून."

मला आणखी बरंच विचारायचं होतं. प्रत्येक ड्रोनला गाडीसारखा नोंदणीचा नंबर असतो हे तिने सांगितलं. अगदी खेळण्यातल्यासारखे हलके असतात त्यांना नियम सैल, पण शहरात पोलिसांचा ड्रोनवरचा मनाई हुकूम असतो आणि तो सगळ्यांना लागू होतो. लेखी परवानगी मिळाली तरच उडवायचं. "इथे ड्रोन घेऊन येणं सोपं आहे मॅडम. उडवायला वेळ लागतो."

मग मी तिला वर मावशींकडे नेलं. मावशींनी तिला समोर बसवलं.

"नमस्कार आजी," ती म्हणाली.

"मावशी म्हण. आजी मी कोणाचीच नाही." मग थेट प्रश्न. "तुला नको ते दिसलं तर काय करतेस?"

मुलगी गडबडली नाही. "दिसतं ना. खूप दिसतं. मागे एकदा परळला एका टॉवरच्या काचा तपासत होते. आत एक माणूस एकटाच नाचत होता. टाय लावून. चांगला नाचत होता. मी कॅमेरा खाली केला आणि पुढच्या मजल्यावर गेले. घरी आईलापण नाही सांगितलं."

"आत्ता आम्हाला सांगितलंस," मावशी म्हणाल्या.

तिने जीभ चावली. मग हसली. "हो. सांगितलं. पण बिल्डिंग कुठली ते नाही सांगितलं."

मावशीही किंचित हसल्या. त्यांना ते उत्तर खरं वाटलं असावं, कारण त्यानंतर त्या स्वतःहून बोलायला लागल्या. एक्स्चेंजमध्ये त्यांच्या पुढ्यातल्या बोर्डावर छोट्या छोट्या चाव्या असायच्या. लाइन लागली का ते बघायला चावी खाली करून कान द्यावाच लागे. बोलणं सुरू झालं की चावी परत वर करायची आणि दुसऱ्या कॉलकडे वळायचं. चावी तशीच ठेवली तर सगळं ऐकू यायचं.

"आम्हाला शिकवलेलं होतं. पण शिकवलं म्हणून माणूस ऐकत नाही असं नाही. काही मुली ऐकायच्या आणि डबा खाताना सांगायच्या. मीही ऐकलंय. एक माणूस गावाला बायकोशी बोलत होता, नोकरी गेलीय हे तिला सांगत नव्हता, दिवाळीला काय आणू विचारत होता. पुढे कितीतरी दिवस तो माझ्या डोक्यातून जाईना. काही करता येत नव्हतं आणि विसरताही येत नव्हतं. तेव्हापासून मी चावी लगेच वर करायला लागले. नियम म्हणून नाही, मला त्रास नको म्हणून."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते आणि हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मावशींनी अटी घातल्या. उडवताना त्या शेजारी बसणार आणि पडद्यावर जे दिसेल ते बघणार. भिंतीचे फोटो तेवढे इंजिनियरला जाणार, बाकीचं त्यांच्यासमोर पुसायचं. मुलगी लगेच हो म्हणाली. "उलट बरं आहे मावशी. नंतर कोणी बोलायला नको."

विमानांचं नियंत्रण करणाऱ्यांची परवानगी मुलीने परस्पर मागितली, आणि पोलिसांच्या परवानगीसाठी ती आणि मी ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "लग्न कोणाचंय?"

"लग्न नाही, गळती आहे," मी म्हटलं.

"गळती?" त्यांना नवल वाटलं. "ड्रोनसाठी इथे येतात ते लग्नवाले, नाहीतर शूटिंगवाले. गळतीसाठी तुम्हीच पहिल्या." मग त्यांनी मुलीला बरेच प्रश्न विचारले. किती वेळ उडणार, किती उंच, पडला तर कोणाच्या डोक्यात पडेल, विमा आहे का. ती शांतपणे उत्तरं देत होती. खालचा पट्टा दोरी लावून बंद ठेवणार, वारा जास्त असेल तर उडवणार नाही, कठड्यापेक्षा फार वर जाणार नाही. साहेबांनी आमचा कागद वरच्या ऑफिसला पाठवतो म्हणून सांगितलं. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या क्वार्टरलापण गळतं. असं काही दिसतं का खरंच त्याच्यातून?"

परवानगी आली, आणि नेमकी त्याच आठवड्यात पार्कात मोठी सभा ठरली. सगळ्या परवानग्या थांबल्या. आम्हाला पुढची तारीख मिळेपर्यंत थंडी सरत आली होती.

उडवण्याच्या दिवशी सकाळी जिन्यात सूचना लावलेली होती. मागच्या दोऱ्यांवरचे कपडे सगळ्यांनी काढून घेतले, खिडक्या लावून घेतल्या. वॉचमनने खाली दोरी बांधली. मावशी शाल घेऊन गच्चीवर आल्या, त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. ड्रोन माझ्या कल्पनेपेक्षा लहान होता, घडी घातलेले पाय उघडल्यावर साधारण जेवणाच्या ताटाएवढा. मी वाकून पंख्यांची पाती पाहिली. शेजारशेजारच्या पात्यांचा पीळ एकमेकांच्या उलट होता. फळ्यावर काढायचे तसाच.

तो उठला तेव्हा गच्चीवरची धूळ उडून आमच्या पायांवर बसली. मुलगी एका जागी पाय रोवून उभी, नजर कधी आकाशात, कधी हातातल्या पडद्यावर. मावशी पडद्यावर वाकलेल्या.

"हा पुढचा कठडा," ती सांगत होती. "इथे प्लास्टर सुटलंय, दिसतंय?"

"तो आमचा कठडा?" मावशी म्हणाल्या. "इतका मळलाय?"

मग तो मागे वळला. नारळाच्या झावळ्या पडद्यावर आल्या, पाइपं आली, आणि तेवढ्यात डावीकडून काहीतरी तपकिरी आडवं गेलं. मी मान वर केली. घार. ती एक गिरकी घेऊन परत आली आणि या वेळी पंजे पुढे काढून थेट ड्रोनवर उतरली.

मुलीने ड्रोन सरळ वर नेला, इमारतीपासून जरा बाहेर काढला आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उतरवून पंखे बंद केले. घारीने आमच्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि नारळाकडे गेली.

"हीच ती," मी म्हटलं. महिनाभर गच्चीवर जो जाईल त्याला ती टप्पल मारत होती. आम्हाला वाटायचं, कोणीतरी तिला मटण टाकून सवय लावलीय.

मुलीने शेवटची चित्रं मागे नेऊन पाहिली. नारळाच्या शेंड्यात, झावळ्यांच्या मुळाशी, काटक्या आणि वायरीचे तुकडे, त्यात एक निळी प्लास्टिकची पिशवी, आणि मधे पांढुरकं, विस्कटलेलं, चोच उघडलेलं पिल्लू. मावशींनी तिच्या हातातून पडदा जवळजवळ ओढूनच घेतला.

"आज बंद," मुलगी म्हणाली. "पिल्लू उडून जाईपर्यंत मागच्या बाजूला मी नाही उडवणार."

मला ते परवडणारं नव्हतं. "अगं, पावसाळ्याच्या आत दुरुस्ती व्हायला हवी. दुसऱ्या बाजूने जाता नाही येणार? पटकन?"

"मॅडम, ती पिल्लासाठी येतेय, ती थांबणार नाही. तिचा पंख पात्यात गेला तर ती मरेल. आणि ड्रोन खाली पडेल तो पाइपांवर नाहीतर शेजारच्यांच्या अंगणात. तिथे मुलं खेळतात, मी बघितलंय."

मी वाद घातला नाही, पण मनातून चिडले होते. कमिटीतल्या एकाने दुसरा ड्रोनवाला आणू या, परवानगीचं कोण बघतंय असंही सुचवलं. मी नाही म्हटलं. सगळ्यांनी मिळून ही एवढी खटपट केल्यावर शेवटी चोरून उडवायचं, हे मला पटेना. तिसऱ्या मजल्यावरच्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं की थोडं थांबावं लागेल. त्या घरातल्या सुनेने पिल्लाचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "थांबू की. इतकी वर्षं थांबलोच आहोत."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. मावशींचा आवाज, पण घरातला नव्हे, एक्स्चेंजमधला असावा तसा. "तुमची लाइन जोडत आहे. बोला." आणि मग नेहमीच्या आवाजात, "अगं, मी न्हाणीघराच्या खिडकीची एक पट्टी उघडली. समोरच दिसतं. आज तिने त्याला उंदीर आणून दिला."

त्यांनी ती खिडकी किती वर्षांत उघडली नव्हती कोण जाणे. आता त्या रोज बातमी द्यायच्या. पिल्लाला तपकिरी पिसं फुटली. पिल्लू कडेवर येऊन पंख हलवतं आणि घाबरून परत बसतं. एके दिवशी वारा फार होता तेव्हा घार दिवसभर पंख पसरून त्याच्यावर बसून राहिली. मी मुलीला हे कळवायचे. ती एकदा म्हणाली, "मॅडम, मावशींना सांगा, फोटो काढू नका म्हणावं. घारीला फ्लॅशने त्रास होईल." मी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "माझ्या फोनला कॅमेराच नाही. मी नुसती बघते."

आंब्याच्या पेट्या यायला लागल्या तेव्हा पिल्लू उडालं. मावशींनी फोन केला तेव्हा त्या जरा हिरमुसल्या होत्या. "गेलं. मी चहा करायला गेले होते. परत आले तर नाही."

जुनी परवानगी संपलेली होती. आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो. साहेब तेच होते. "तुमची गळती अजून आहे?" त्यांनी विचारलं. घारीची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी खुर्चीतून पुढे सरकून पिल्लाचा फोटो मागितला आणि बाजूच्या टेबलावरच्या हवालदारांनाही दाखवला. या वेळी कागद लवकर हलला.

दुसऱ्या खेपेला ड्रोन मागच्या भिंतीशी अलगद खाली उतरला. आता पडद्यावर जे दिसत होतं ते आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. चुन्याचे ओघळ, जुन्या रंगांचे थर, कोणा एकेकाळच्या भाडेकरूने भिंत फोडून केलेला हंड्याएवढा कोनाडा. आणि चौथ्या मजल्यावर, मावशींच्या न्हाणीघराच्या खिडकीखालच्या छज्ज्यावर, पावसाच्या पाण्याच्या पाइपाचा सांधा निखळलेला. त्या छज्ज्यावर वर्षानुवर्षांची माती साचलेली आणि मातीत हातभर उंचीचा पिंपळ. पाइपातलं पाणी छज्ज्यावर पडत होतं आणि पिंपळाच्या मुळांच्या वाटेने भिंतीत शिरून खालच्या मजल्यावर उतरत होतं.

"जवळ ने," मावशी म्हणाल्या.

मुलगी थबकली. मावशींची खिडकी उघडीच होती. घारीमुळे पडलेली सवय असेल. आत बादली, तांब्या आणि खुंटीवर टॉवेल दिसत होता. मी बघतच होते, आणि मुलीने अंगठ्याने कॅमेरा खाली वळवला. पडद्यावर छज्जा तेवढा राहिला.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "बादलीच आहे गं. ने जवळ."

"सांधा इथूनपण दिसतो मावशी," ती म्हणाली, आणि तिने फोटो घेतले.

दोरीला लटकून काम करणाऱ्या माणसांनी पिंपळ मुळासकट काढला, पाइप बदललं, भेग भरली. त्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचा एक कोपरा जरा दमट राहिला, पण पाणी आलं नाही. ठरल्याप्रमाणे मुलीने मावशींसमोर बाकीचं चित्रण पुसलं. पिल्लाचा तो एक फोटो पुसायचा का, यावर दोघींचं जरा बोलणं झालं. तो ठेवला.

ती पैसे न्यायला आली त्या संध्याकाळी मी तिला धीर करून विचारलं, "मला एकदा उडवू देशील?"

"बाहेर नाही मॅडम. पण घरात चालतं." तिने पिशवीतून तळहातावर मावेल असा एक सरावाचा छोटा ड्रोन काढला. पात्यांभोवती प्लास्टिकच्या कड्या. "छपराखाली कोणाला विचारायला नको. फक्त पंखा बंद करा."

मावशीही खाली आल्या होत्या. आम्ही टीपॉय बाजूला केला. मुलीने रिमोट माझ्या हातात दिला. मी डावा खटका किंचित पुढे केला आणि तो भसकन छताला जाऊन आपटला. मी घाबरून मागे ओढला, तो सोफ्यावर पडला. पुन्हा उचलला. जरा डावीकडे गेला की मी उजवीकडे दाबायचे, आणि तो उजवीकडे फार जायचा. बलांची सगळी समीकरणं मला पाठ होती आणि अंगठ्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मॅडम, तुम्ही त्याला सारखं सांगताय," ती म्हणाली. "थोडं सोडा. तो स्वतः पण थांबतो."

तिचा फोन वाजला. तिने तो कानाला लावून हळू आवाजात मालवणीत म्हटलं, "गे आये, येतंय, हयसर एक काम आसा," आणि ठेवून दिला.

मी खटक्यांवरचे अंगठे सैल केले. ड्रोन खोलीच्या मधोमध, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, किंचित डुलत थांबला. त्याच्या वाऱ्याने कॅलेंडरची पानं हलत होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"आता इकडे दे," मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा सारखा केला, रिमोट घेतला आणि मुलीला विचारलं, "यातली वर नेणारी चावी कुठली?"